दोन बोटं: जळोची ते निरवांगी, टायरॅनोसोरच्या सोबतीनं

फेब्रुवारीचा पहिला शनिवार, सकाळचे सव्वासहा. स्थळ जळोची. हजर तिघे: मूर्तिकार मंगलताई, ट्रॅक्टरवाले किसनआबा आणि मी. चौथा होता तो तेरा फुटांचा, ट्रॉलीत दोरखंडांनी उभा बांधलेला. काम ठरलं होतं बेचाळीस हजारांना. त्यातले वीस हजार शाळेनं आधी दिले होते. उरलेले बावीस 'काम पसंत पडल्यावर', असं पत्रात स्पष्ट होतं. पत्र माझ्या पिशवीत होतं, कारण या कामाची सगळी लिहापढी मी केली होती.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो. भरलेली गाडी किती, रिकामी किती, वजाबाकी किती, हे गेली बावीस वर्षं लिहितो आहे. मंगलताईंचं गणपतीचं शेड आमच्या घराला लागून आहे. त्या मला भाऊ म्हणतात. मोठी ऑर्डर आली की म्हणतात, "भाऊ, तुमीच लिवून घ्या. तुमचं अक्षर कुणालाबी लागतं." म्हणून नोव्हेंबरात निरवांगीहून कांबळे बाईंचा फोन आला, तेव्हा कागद-पेन घेऊन मीच बसलो.

बाई तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना शाळेच्या अंगणात एक डायनासोर उभा करायचा होता. नेहमीचा, सिनेमात मोटारी उलथवणारा नव्हे; त्याच टायरॅनोसोरच्या घराण्यातला, पण त्याच्या आधीचा. त्याची हाडं मंगोलियात काही दशकांपूर्वीच सापडली होती, पण दुसऱ्याच जनावराच्या नावावर जमा होऊन संग्रहालयात पडून होती. अलीकडे कुणीतरी ती परत काढून नीट पाहिली, आणि हा प्राणी वेगळाच आहे हे लक्षात आलं. मग त्याला नाव मिळालं. "मला मुलांना तेच दाखवायचंय," बाई म्हणाल्या. "नवीन काहीतरी शोधायला दर वेळी खोदावंच लागतं असं नाही."

त्यांनी मापं सांगितली. मी दोन रकाने आखले, 'भाग' आणि 'माप', आणि लिहीत गेलो. लांबी तेरा फूट. कमरेपाशी उंची साडेसहा फूट. शेपूट सहा फूट. पाय कोंबड्यासारखे. हात पावणेदोन फूट, दोन बोटं. मी सगळं वाचून दाखवलं, बाई "बरोबर" म्हणाल्या, मी खाली सही केली. या कागदावर मी आजपर्यंत कधी नव्हे इतका खूश होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

सुपे

मुख्य प्रवासाआधी एक लहान प्रवास झाला, तोही सांगायला हवा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जनावराचा सांगाडा सळयांचा उभा राहिला, आणि तो गणपतीसारखा दिसू लागला. मंगलताईंचा हात तीस वर्षं गणपतीवर बसलेला. त्यांनी त्याला असा काही निवांत बसता-बसता उभा केला होता की समोर उंदीर ठेवावासा वाटावा. फोटो पाहून बाई म्हणाल्या, "अंग आडवं हवं. शेपूट मागं, डोकं पुढं, कमरेवर तोललेलं." मला ते लगेच समजलं, तो तराजूच झाला. पण मंगलताई म्हणाल्या, "मला जितं जनावर दावा. रानातलं. गोठ्यातलं नको."

म्हणून आम्ही एसटीनं सुप्याला गेलो आणि तिथून रिक्षानं मयूरेश्वर अभयारण्यात. आमच्या जळोचीला कालव्याचं पाणी, ऊस, आता जिकडेतिकडे बंगले. तीसेक किलोमीटरवर सुप्याकडे आलं की माळ सुरू होतो. कुसळी गवत, खुरटी झाडं, उघडा दगड. घरून निघताना बायको म्हणाली होती की डायनासोर बघायला सुप्याला कशाला जाता, तिथं टोमॅटो पण नीट येत नाहीत.

वनरक्षकानं आम्हाला एका टेकाडामागं बसवलं. अर्ध्या तासानं पाच चिंकारा आल्या. मान वर करून थांबायच्या, दोन घास खायच्या, परत थांबायच्या. मंगलताई हाताने हवेत रेघा काढत होत्या.

"ह्यांला खाणारं कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"लांडगा हाय, पण तो तुम्हाला दिसायचा न्हाय. तो तुम्हाला बघत असंल," वनरक्षक म्हणाला.

मी त्याला विचारलं, एका लांडग्यामागं किती चिंकारा लागतात. तो म्हणाला, "साहेब, आकडा मला सांगता येत न्हाय. ससं लागतात, उंदीर लागतात, धनगराची एखादी मेंढी जाती. गवत बरं झालं की हे सगळं येतं, आणि मग तो येतो. तो हितं ऱ्हातोय म्हंजे गवत बरं हाय, एवढं मी वळखतो."

परत येताना ओल्या मातीत लांडग्याचं पाऊल उमटलेलं दिसलं. मंगलताईंनी वाकून आपला पंजा त्यावर आडवा ठेवला. "चार बोटं," त्या म्हणाल्या.

"व्हय, चारच उमटतात," वनरक्षक म्हणाला.

त्या रुंदी सांगत होत्या आणि तो लांडग्याची बोटं मोजत होता. दोघांचंही बरोबर आलं. मी हसलो आणि वहीत 'पाऊल: चार बोटं' असं लिहूनही टाकलं. एवढं डोळ्यांसमोर घडूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही, याचं मला आज नवल वाटतं.

एका शेतात हुरडा चालला होता. आम्हाला बोलावून बसवलं, ओळख ना पाळख. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं हातावर चोळून द्यायचे, सोबत लसणाची चटणी आणि दही. बागायती भागात पाहुण्याला चहा मिळतो. कोरडवाहू भागात पाहुण्याला जेवढं शेतात आहे तेवढं मिळतं. परतल्यावर मंगलताईंनी सांगाड्याची कंबर कापून नव्यानं जोडली. आठ दिवसांत गणपती गेला आणि मान पुढं काढून थांबलेलं, आता पळेल की काय असं जनावर शेडमध्ये उभं राहिलं. त्यावर जाळी, त्यावर फायबर. संध्याकाळी दिवा लावायला गेलेली माझी बायको एकदा ओरडून बाहेर आली, तेव्हा काम जमलं हे आम्ही ओळखलं.

जळोची ते सणसर

तर शनिवार. ट्रॉली अकरा फुटांची, जनावर तेरा फुटांचं. दोन फूट शेपूट मागं बाहेर होती, तिला मी लाल फडकं बांधलं. किसनआबांनी गोल फिरून पाहणी केली आणि म्हणाले, "उसालाबी एवढा नखरा नसतो."

बारामती सोडल्यावर एका खासगी काट्यावर मी ट्रॅक्टर थांबवायला लावला. आदल्या दिवशी तिथंच ट्रॅक्टर-ट्रॉली रिकामी तोलून ठेवली होती. आम्ही दोघं खाली उतरलो, आबा तेवढे जागेवर. वजाबाकी दोनशे चाळीस किलो आली. काटा वीस-वीस किलोनं मोजतो, तेव्हा दहा किलो इकडे किंवा तिकडे. खऱ्या जनावराचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास असावं, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणजे एखाद्या दांडग्या मुऱ्हा रेड्याएवढं.

"त्यांनी कुठल्या काट्यावर घातला व्हता?" आबांनी विचारलं.

हाच प्रश्न मी बाईंना फोनवर विचारला होता. मांडीच्या हाडाचा घेर मोजून वजनाचा अंदाज काढतात, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे गाईच्या छातीला टेप लावून वजन सांगतात तसंच. आबांना ते पटलं. "मग व्यापारी फसवतो तसा त्यो टेपबी फसवीत असणार," एवढी पुस्ती त्यांनी जोडली.

गाळपाचा हंगाम चालू होता. सणसरच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग समोरून आली. पहिल्या गाडीच्या बैलांनी आमच्या जनावराचं तोंड पाहिलं आणि दोन्ही बैल रस्त्यातच थिजले. मागचा गाडीवान ओरडू लागला, त्याच्या मागचा त्याच्यावर ओरडू लागला.

"झाका, तोंड झाका त्याचं!" पहिला गाडीवान म्हणाला. "माझं बैल काल रातच्यापासून जुपल्यालं हायती. त्यांला कशाला आजून भ्या दावता?"

मंगलताई ट्रॉलीवर चढल्या आणि पिशवीतून पांढरं धुतलेलं धोतर काढून त्यांनी त्याचं डोकं गुंडाळलं. धोतर त्यांनी घरूनच आणलेलं होतं. मूर्ती नेताना तोंड झाकून न्यायची त्यांची रीत. हा गणपती नाही हे त्यांना माहीत होतं, पण तीस वर्षांत उघड्या तोंडानं त्यांनी काही नेलेलं नव्हतं. बैल चालू लागले. यानंतर मात्र नवाच त्रास सुरू झाला. दर गावात कुणीतरी हात जोडायचं. एका म्हातारीनं ट्रॅक्टर थांबवून विचारलं, "कोणतं दैवत हाय?"

"दैवत न्हाय, आजी. पावना हाय," आबा म्हणाले. "मंगोलियाचा."

"लांबून आलाय. जेवला का?" आजींनी विचारलं आणि आमच्या हातात ओल्या हरभऱ्याची पेंढी दिली.

लासुर्णे

लासुर्ण्याला साडेनऊला चहाला थांबलो. चहा होईपर्यंत मी दोर तपासले, आणि सवयीनं कागद काढून एकेक बाब ताडून पाहू लागलो. दात बरोबर. शेपूट बरोबर. पाय कोंबड्यासारखे, पुढं तीन बोटं, बरोबर. हात. उजव्या हाताला तीन बोटं. मी डाव्या बाजूला गेलो. तिथंही तीन.

कागदावर दोन होती.

मी परत मोजली. तीन वस्तू मोजायला बावीस वर्षांचा अनुभव लागत नाही, तरी मी तीनदा मोजल्या. रोज शेडमध्ये जाऊन मी लांबी मोजली, उंची मोजली, शेपूट मोजली. बोटं माप नव्हतं म्हणून टेप लावला नाही, आणि टेप लावला नाही म्हणून पाहिलं नाही.

"मंगलताई, बोटं तीन कशी?"

"पायाला तीन हायती म्हणून हाताला तीन. कोंबड्यासारखं म्हणलं व्हतं न्हवं?"

"पण कागदावर हाताला दोन बोटं लिहिली आहेत की."

"व्हय. दोन बोटं वाढवलीच की मी." त्यांनी आपली दोन बोटं जुळवून जनावराच्या मनगटाला आडवी लावली. "पावणेदोन फूट, आणि वर दोन बोटं. घ्या टेप, मोजा."

मी टेप लावला. हात पावणेदोन फूट आणि वर बरोबर सव्वा इंच भरला. मूर्तिकारांकडे फूट आहे, इंच आहे आणि बोट आहे. गणपतीची सोंड तीन बोटं वर घ्या, मुकुट चार बोटं कमी करा, असंच ते बोलतात. मी मात्र मापाच्या रकान्यात, स्वल्पविराम देऊन, 'पावणेदोन फूट, दोन बोटं' लिहिलं होतं. ते कुणीही त्यांच्यासारखंच वाचलं असतं. अक्षर सुरेख होतं, त्यामुळे शंकेलाही जागा नव्हती.

किसनआबा बशीत चहा ओतत ऐकत होते. "एवढंच ना? करवत हाय माझ्याकडं. एकेक उतरवा. दोन मिनिटाचं काम."

मंगलताई एकदम ट्रॉलीच्या आणि त्यांच्या मधे उभ्या राहिल्या. "हात लावायचा न्हाय."

"आवो, त्याला कुठं दुखणार हाय?"

"आबा, पुरी झाल्याली मूर्त मी कधी कापली न्हाय आणि तुटल्याली कुणाच्या दारात नेली न्हाय. सांगाडा व्हता तवर कंबर कापली, ते येगळं. आता त्याचं डोळं रंगानं भरल्यात. चुकली असंल तर चुकली म्हणून परत नीन. पण खंडित नेणार न्हाय."

मी म्हणालो की हा देव नाही. त्या म्हणाल्या, "ते मला कळतंय, भाऊ. पण हात माझाच हाय न्हवं?"

यात त्यांचं काय पणाला लागलं होतं ते मला ठाऊक होतं. गणपतीचं काम चार महिने, उरलेले आठ महिने शेड रिकामं. यजमान रंगकाम करायचे, त्यांची नजर अधू झाल्यापासून तेही घरी. रविवारी उद्घाटनाला आजूबाजूच्या दोन शाळांचे मुख्याध्यापक येणार होते, आणि हे काम आवडलं तर त्यांच्याकडेही असंच काहीतरी करायचं बोलणं होतं. ते सगळं एका बोटानं, म्हणजे माझ्या एका स्वल्पविरामानं, हातचं जाणार होतं. बावीस हजारांची गोष्ट तर नंतरची.

मी बाईंना फोन लावला. लागला नाही. परत लावला. शेवटी मंगलताईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तोंडावरच सांगू."

जंक्शन, कळंब, निमसाखर

लासुर्ण्याच्या पुढं जंक्शन नावाचं गाव आहे. तिथं आज तरी आगगाडी येत नाही, रस्तेच एकमेकांना मिळतात. आम्ही तिथून आत वळलो. हा भाग मी पूर्वी पाहिलेला होता, पण ट्रॅक्टरच्या वेगानं नव्हे. डाळिंबाच्या बागा, मधे उसाचे फड, कुठे ढोबळ्या मिरचीची पांढरी शेडनेट. एरवी मी बागेतल्या ओळी मोजल्या असत्या. त्या दिवशी मी फक्त मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. 'बाई, एक लहानशी तफावत आहे.' लहानशी का म्हणायची? दोनाच्या जागी तीन म्हणजे दीडपट.

ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत आबा म्हणाले, "भाऊ, उसाच्या काट्यावर फरक पडला तर काय करता?"

"दुरुस्तीची नोंद करतो. सही करतो."

"मग हितंबी करा. तोंड कशाला पाडलंय? ह्या गड्याची जात मरूनबी एवढी कोट वर्षं झाली. त्यो काय तक्रार करणार हाय?"

मंगलताई मागे ट्रॉलीत जनावराच्या पोटाला पाठ लावून बसल्या होत्या. निमसाखरच्या अलीकडे त्या एकदाच बोलल्या. "पसंत न्हाय पडला तर माझ्या दारात उभा करीन. गिऱ्हाईक लांबनं वळखंल, डायनासोरवाल्या बाईचं शेड म्हणून." आणि हसल्या. ते हसणं मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

निरवांगी

बाराला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. मोबाइलच्या हिशेबानं बेचाळीस किलोमीटर. शाळेच्या अंगणात चौथरा तयार होता, त्याच्याभोवती मुलांनी बाईंच्या सांगण्यावरून त्या काळचं रान मांडलं होतं. मंगोलियाचा तो भाग आज ओसाड आहे, पण तेव्हा तिथं नद्या होत्या, पुराची मैदानं होती. मातीची कासवं पाण्याकाठी ठेवलेली. लांब नख्यांचा पानं ओरबाडणारा एक डायनासोर, अंगभर हाडांच्या ढाली असलेला बुटका एक. पाणी म्हणून निळा प्लॅस्टिकचा कागद. मला सुप्याचा वनरक्षक आठवला. इथंही गवताऐवजी नेचे आणि झुडपं आधी लावलेली होती, आणि मधली मोठी जागा शिकार करणाऱ्यासाठी रिकामी ठेवलेली होती.

कांबळे बाई पुढं आल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, हाताला खडूची भुकटी. मी नमस्कार केला आणि जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो.

"बाई, बोटं चुकली आहेत. दोनाच्या जागी तीन झाली. चूक मंगलताईंची नाही, माझी आहे. हा कागद."

त्यांनी कागद घेतला. वाचला. मंगलताई धोतर सोडत होत्या. त्यांचे हात थांबले. बाई ट्रॉलीजवळ गेल्या आणि त्या हाताकडे पाहत राहिल्या. किती वेळ ते मी मोजलं नाही.

"दोन कुणी सांगितली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, बाई. फोनवर. मी वाचून दाखवलं होतं."

"मीच," त्या म्हणाल्या आणि कपाळाला हात लावला. भुकटी कपाळावर उमटली. "भाऊ, दोन बोटं त्या शेवटच्या मोठ्या टायरॅनोसोरला असतात. मी त्याचं चित्र डोक्यात ठेवून सांगून टाकलं. याच्या घराण्यातले सगळ्यात जुने आहेत त्यांना तीन होती. हा मधला. आणि याचा पंजा काही पुरा सापडलेला नाही."

"म्हंजे किती बोटं व्हती?" मंगलताईंनी विचारलं.

"नक्की माहीत नाही."

"कुणालाच?"

"या एका जनावराचं छातीवर हात ठेवून सांगेल असं मला तरी कुणी ठाऊक नाही. तुमची तीन चूक आहेत असं मी म्हणू शकत नाही. माझी दोन बरोबर होती असंही नाही."

मंगलताई ट्रॉलीच्या फळीवर खाली बसल्या. डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. आबा म्हणाले, "तरी मी म्हणत व्हतो, करवत नको."

मला एकदम भूक लागली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा आठवलं.

बाईंच्या घरी जेवलो. घर शाळेपासून शंभर पावलांवर, समोरच्या भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली पुस्तकांचं कपाट. त्यांचे वडील शेती करत आणि आई रोजानं जायची. चार भावंडांतल्या तिघी मास्तरणी झाल्या, असं त्यांनी ताट वाढताना सांगितलं. कालवण चिलापी माशांचं होतं, उजनीच्या पाण्यातल्या. माझा शनिवार, म्हणून मी आमटी-भाकरी खाल्ली. मंगलताईंनी दोनदा कालवण घेतलं आणि आबांनी किती वेळा ते त्यांच्या मानासाठी लिहीत नाही.

जेवताना मी विचारलं की आपल्याकडे, बारामती-इंदापुरात, असा प्राणी होता का. बाई म्हणाल्या, "हा जिवंत होता तेव्हा आपल्या पायाखालचा काळा दगडच नव्हता. हा साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दगड लाव्हाचा, तो त्यानंतर दोनेक कोटी वर्षांनी वाहत आला. टायरॅनोसोर तर आपल्या देशात सापडलेलेच नाहीत. नर्मदेकडे सापडले ते शिकारी वेगळ्या घराण्याचे."

"मग आमच्या दगडाच्या आधीचं काय?" मी विचारलं.

"दगडाखाली असेल. वर काही दिसत नाही."

आबांना यात एक फायदा दिसला. "म्हंजे हिर खणताना असलं हाडूक निघून सरकार रान घेणार न्हाय."

"डायनासोरमुळं तरी नाही घेणार, आबा," बाई म्हणाल्या.

दुपारी बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिनं कामाला नवीन वळण लागलं. संग्रहालयात सांगाडा उभा करतात तेव्हा सापडलेला भाग एका रंगाचा आणि अंदाजानं भरलेला भाग फिक्या रंगाचा ठेवतात, म्हणजे बघणारा फसत नाही. आपल्या जनावरावरही तसंच करता येईल का? मंगलताईंनी रंगाचे डबे काढले. बाईंनी छापील कागदावरून दाखवायचं, मी खडूनं रेघ मारायची, मंगलताईंनी फिका रंग लावायचा. चार तास हे चाललं. मला वाटलं होतं एखाद-दुसरा ठिपका फिका होईल. प्रत्यक्षात शेपटीचा बराच भाग, छाती, दोन्ही पंजे फिके झाले. इतक्या थोड्या हाडांवरून एवढं जनावर ओळखलं गेलं याचं मला नवल वाटलं. पण त्याचबरोबर बरंही वाटलं. भरलेलं किती आणि अंदाजाचं किती, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं.

"सगळं चित्रच अंदाजाचं असंल तर ह्याचं कातडं, रंग?" मंगलताईंनी विचारलं.

"तो तर सगळाच अंदाज," बाई म्हणाल्या.

"मग हिरवा राहू दे. माझ्या डोळ्याला बरा वाटतो."

संध्याकाळी जनावर चौथऱ्यावर चढवून परत धोतर गुंडाळलं, रात्री तिथंच राहिलो, आणि रविवारी दहा वाजता कार्यक्रम झाला. नारळ मुलांनीच फोडला, भाषणं तीन झाली, त्यांतलं एक वेळेत संपलं. मग पांढरं धोतर काढलं. पुढच्या रांगेतली मुलं मागं सरकली आणि मागची पुढं आली. दोन्ही मुख्याध्यापक जनावराभोवती फिरले. एकानं हाताकडे बोट दाखवून म्हटलं, "टायरॅनोसोरला दोन बोटं असतात ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ह्याचा पंजा पुरा सापडला न्हाय. म्हणून तो फिका हाय. पाटी वाचा."

पाटीवर मुलांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हाताची बोटं: माहीत नाही.' मी ती पाटी दोनदा वाचली. काट्यावर बावीस वर्षांत मी हे दोन शब्द एकदाही लिहिलेले नाहीत. लिहिले असते तर घरी बसवलं असतं. इथं ते रंगवून, वॉर्निश करून भिंतीला लावले होते.

त्या मुख्याध्यापकांनी मंगलताईंना विचारलं, त्यांच्या शाळेसाठी त्या ढालीवाल्याचा जोडीदार करता येईल का. दुसरे म्हणाले, आधी चिंकारा आणि लांडगा करा, आपला माळ मुलांना कुठं माहीत आहे. मंगलताई म्हणाल्या, "लांडग्याचं माप माझ्याकडं हाय. चार बोटं." आणि माझ्याकडे बघितलं.

निघताना बाईंनी उरलेल्या बावीस हजारांचा धनादेश मंगलताईंच्या हातात दिला आणि पावतीवर त्यांची सही घेतली. ट्रॅक्टरचं भाडं शाळेकडे होतं, ते आबांना तिथंच मिळालं. मी पिशवी उचलली.

"थांबा, भाऊ," मंगलताई म्हणाल्या. "तुमच्याकडं येणं हाय."

"माझ्याकडे?"

"शाळेची ऑर्डर दोन बोटांची. मी केली तीन. वरच्या बोटाची मजुरी शाळा का दील? लिवणाऱ्यानं द्यायची."

आबा म्हणाले, "बराबर हाय. आणि एक न्हाय, हात दोन हायती. वरची बोटं दोन झाली."

मंगलताईंनी आधी माझ्याकडे, मग आपल्या हाताकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "भाऊ, मग चूक कुठं हाय? तुमी लिवलं तसंच झालं की! पावणेदोन फूट हात, आणि वर दोन बोटं!"

बाईही हसल्या. मी मोजलं, हिशेब बरोबर होता. कागद काढला, 'दोन बोटं' याच्या पुढं 'जादा' असा शब्द लिहिला, दुरुस्तीची सही केली, आणि शाळेच्या फाटकात, बाई आणि किसनआबा यांच्या समक्ष, जादा दोन बोटांच्या मजुरीपोटी एकशे एक रुपये रोख मंगलताईंना दिले.